बट्टा कोणाच्या माथी?

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संघाला तेथे सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. त्या संघाचे पुढारी व्हाइट यांच्यावरून वस्तीला हे नाव मिळाले. शेतीवर निर्वाह करणारी लहानशी वसाहत, एवढेच तिचे स्वरूप दीर्घकाळ राहिले. १९९० नंतरच्या दशकात तेथे इंटरनॅशनल टेक पार्क उभा राहिला आणि गावाचा कायापालट झाला. संगणकाच्या कंपन्यांत नोकरी करणारी मंडळी देशाच्या सर्व भागांतून तेथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. या गिऱ्हाइकांच्या खिशात रोकडीपेक्षा कार्डच अधिक असे. म्हणून तेथील लहान दुकानदारापुढे एक प्रश्न येऊन ठाकला. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जो खर्च होतो, तो सोसावयाचा कोणी?

प्रश्न नवा दिसतो, पण नवा नाही. महाराष्ट्राच्या बाजारपेठांना तो पेशवाईपासून परिचित आहे. त्या काळी एकच रुपया सर्वत्र सारख्या भावाने चालत नसे. पुण्याकडे अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, बागलकोटकडे मल्हारशाही असे रुपयांचे नाना प्रकार होते. परमुलुखाचे नाणे पेठेत आले की सराफ ते पारखून घेई आणि त्यावर बट्टा कापी. रक्कम दूरच्या गावी पाठवावयाची तर हुंडी करावी लागे. हुंडी दर्शनी असो वा मुदती, तिच्यावर सावकाराची हुंडणावळ ठरलेली असे. वाटेवरील चोराचिलटांचे भय टळले, त्याचे हे मोल होते. बट्टा व हुंडणावळ कोणाला प्रिय असण्याचे कारण नव्हते. परंतु दोन्ही उघड होती. ज्याला गरज, तो सराफासमोर बसून घासाघीस करी, आणि न पटल्यास शेजारच्या दुकानी जाई.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी एका वजनाच्या रुपयाचा कायदा केला आणि नाण्यांवरील बट्टा हळूहळू ओसरला. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणचा कामगार महिन्याकाठी घरी मनिऑर्डर करी, तेव्हा तिचे कमिशन तो स्वतः भरी. अगदी अलीकडच्या काळात हा दर वीस रुपयांमागे एक रुपया होता. दर थोडा नव्हता. पण घरी रक्कम पुरती पोचे. पाठवणाऱ्याने खर्च सोसावयाचा, ही रीत त्यात कायम राहिली.

ही रीत उलटी केली ती क्रेडिट कार्डाने. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. कार्ड दाखवून जेवणाऱ्याच्या बिलातून क्लब सुमारे सात टक्के कापून उरलेली रक्कम उपाहारगृहाला देई. गिऱ्हाइकाला या कपातीची गंधवार्ताही नसे. भारतात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले कार्ड काढले, आणि पुढे इतर बँकाही त्या वाटेने गेल्या. या कपातीचे नाव मर्चंट डिस्काउंट रेट. डिस्काउंट म्हणजे आपला जुना बट्टाच! त्यातील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. उरलेला कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी आणि दुकानात यंत्र बसवणारी बँक यांच्यात वाटला जातो.

लहान दुकानदाराला हा बट्टा कसा लागतो, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, किराणा दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीमागे पाच रुपये नफा सुटतो. क्रेडिट कार्डावर दोन टक्के कपात झाली, तर दोन रुपये गेले. त्या दोन रुपयांवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी छत्तीस पैसे. यंत्राचे मासिक भाडे असल्यास ते वेगळे. कपात विक्रीच्या रकमेवर होते, नफ्यावर नव्हे. म्हणून पाचांतले जवळजवळ अडीच रुपये निघून जातात. मोठी पेढी बँकेशी बोलून दर उतरवून घेते. कोपऱ्यावरच्या वाण्याला ते बळ नसते. किंमत वाढवावी तर रोखीने घेणाऱ्यावर अन्याय, आणि कार्ड नाकारावे तर गिऱ्हाईक समोरच्या मॉलमध्ये जाते.

सरकारने याकडे दुर्लक्ष केले असे नाही. १ जानेवारी २०१८ पासून रिझर्व्ह बँकेने वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारांसाठी डेबिट कार्डावरील कपातीला ०.४० टक्क्याची मर्यादा घातली. क्रेडिट कार्ड मात्र या मर्यादेबाहेर राहिले. २०१६ साली यूपीआय आले, आणि १ जानेवारी २०२० पासून त्यावरील व रुपे डेबिट कार्डावरील कपात शून्यावर आली. व्हाइटफील्डच्या रस्त्यावर शहाळी विकणाऱ्याच्या गाडीवरही चौकोनी नक्षीचा फलक लागला. बट्टा संपला असे वाटले. वास्तविक तो दुसऱ्याच्या माथी गेला. व्यवस्था चालवण्याचा खर्च बँकांवर पडला, आणि त्यातील काही भाग भरून देण्यासाठी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षाकरिता सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे दुकानदाराचा बट्टा काही अंशी करदात्याने भरला.

पुढे जुलै २०२५ मध्ये याच बंगळूर शहरात निराळाच प्रसंग घडला. राज्याच्या कर खात्याने यूपीआयवरील जमेवरून उलाढाल मोजून अनेक लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. माल विकणाऱ्यास चाळीस लाखांपुढे नोंदणी आवश्यक, हा नियम आधीपासूनच होता. दुकानदारांचे म्हणणे असे की, त्या जमेत करमुक्त दूध-भाजीची विक्री होती आणि नातलगांच्या उसनवारीचा पैसाही होता. पाहता पाहता काही दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांशी बोलणी करून, नोंदणी करणाऱ्यांकडून मागील थकबाकी वसूल न करण्याचे आश्वासन दिले. कर चुकवणे कोणालाही मान्य होणार नाही. तथापि, जे साधन फुकट म्हणून हाती दिले गेले, त्याच्याबरोबर हिशेब ठेवण्याची जबाबदारीही येते, हे त्या माणसाला वेळीच सांगणारे कोणी नव्हते.

रोकडही फुकट नसते, हे येथे विसरता कामा नये. सुट्या पैशांची टंचाई, खोट्या नोटा, गल्ल्याची राखण, बँकेतला खेपा हे सर्व खर्चच आहेत. पैशाची ने-आण बिनखर्ची कधीच नव्हती. फरक आहे तो खर्च दिसण्या-न दिसण्याचा. सराफ बट्टा कापी, तेव्हा त्याचा दर विचारता येई आणि त्यावर भांडताही येई. आज दुकानात यंत्र बसवून घेणाऱ्याला निदान इतके तरी ठाऊक असावे, की शंभरांतले किती जाणार आणि कोणाकडे जाणार. पेशवाईतल्या व्यापाऱ्याला जे कळत असे, ते व्हाइटफील्डच्या वाण्यालाही कळले पाहिजे. मग कार्ड घ्यावे की न घ्यावे, याचा हिशेब करण्यास तो समर्थ आहे.