अस्थानी हाड : युद्धात वाचलेल्यांचा आजार

१/९
जखम भरते, सैनिक कृत्रिम पायावर उभा राहण्याची तयारी करू लागतो आणि नेमके तेव्हाच कापलेल्या पायाच्या खुंटात, स्नायूंच्या आत, नवे हाड वाढू लागते. ते खरेखुरे हाड असते. चुकलेली असते ती फक्त जागा. वैद्यकात यास ‘हेटेरोटॉपिक ऑसिफिकेशन’ म्हणतात. आपण ‘अस्थानी अस्थिभवन’ म्हणू.

२/९
या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन पहिल्या महायुद्धाने घडवले. ते करणाऱ्या ऑगस्ता देजेरीन-क्लुम्पके यांचा जन्म १८५९ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. कर्मभूमी मात्र पॅरिस. तेथील रुग्णालयांत ‘इंटर्न’ पदाचा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना ही परीक्षा देता यावी की नाही, यावरूनच मोठा वाद झाला होता.

३/९
पाठीच्या कण्यात गोळी वा तोफगोळ्याचा तुकडा शिरून कमरेखाली लुळे पडलेले सैनिक त्या तपासत होत्या. अनेकांचे नितंबसांधे आणि गुडघे ताठरले होते. क्ष-किरण चित्रांत कारण दिसले: सांधा शाबूत, पण त्याच्या भोवती हाड. १९१८ साली त्यांनी आंद्रे सेइये यांच्यासह हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

४/९
तरीही या विकाराकडे दीर्घकाळ फारसे लक्ष गेले नाही, कारण असे रुग्ण फार काळ जगतच नसत. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्यांचा बळी घेई. अस्थानी हाड वाढायला आठवडे, महिने लागतात. जो तेवढा जगला, त्यालाच ते गाठणार!

५/९
इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत चित्र पालटले. चिलखती जाकिटे, रक्तस्राव रोखणारे टूर्निके आणि जखमींची जलद वाहतूक यांमुळे पूर्वी रणांगणावरच दगावले असते असे सैनिक वाचू लागले. २००७ साली अमेरिकी लष्करी शल्यविशारदांनी अशा २१३ खुंटांची क्ष-किरण चित्रे तपासली. १३४ खुंटांत, म्हणजे ६३ टक्क्यांत, अस्थानी हाड आढळले.

६/९
हे का घडते? स्फोटाने स्नायू चिरडतात, तीव्र दाह उसळतो. दुरुस्तीसाठी जागृत झालेल्या ऊतींतील काही मूळ पेशींना ‘हाड बनवा’ असा चुकीचा संकेत मिळतो. बहुधा आधी कूर्चा तयार होते, मग तिचे हाड होते. म्हणजे भरून येण्याची शक्तीच वाट चुकते.

७/९
परिणाम क्रूर असतो. कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये शरीराचा भार त्या टोकदार हाडावर येतो, वरची कातडी फाटते. चालू लागलेला माणूस पुन्हा चाकांच्या खुर्चीत जातो.

८/९
त्याच अभ्यासाने शल्यविशारदांपुढील पेचही दाखवला. स्फोटाने इजा झालेल्या भागातूनच अवयव कापला, तर हा धोका वाढतो. त्याच्या वरून, निरोगी भागातून कापला, तर धोका घटतो, पण कदाचित गुडघा गमवावा लागतो. हाड पुढे काढता येते, गुडघा परत येत नाही. म्हणून शक्य तेथे लांबी राखण्याकडेच कल राहिला.

९/९
नितंबसांधा बदलल्यानंतर हा विकार टाळण्यासाठी इंडोमेथासिन किंवा किरणोपचार देतात. युद्धजखमीला ते देणे कठीण: जखम उघडी, जंतुसंसर्गाची भीती, शिवाय इतर मोडलेली हाडे जुळायची असतात. त्यामुळे हाड परिपक्व होऊ द्यायचे आणि त्रास थांबत नसेल तर शस्त्रक्रियेने काढायचे, हाच मार्ग बहुधा उरतो. युद्धातील मृतांची मोजदाद लढाई संपताच होते. वाचलेल्यांच्या देहात मात्र ती पुढेही चालूच राहते.