मुथी

मुथी : दक्षिण आफ्रिकेतील पारंपरिक औषध. मूळ झुलू शब्द ‘उमुथी’, अनेकवचन ‘इमिथी’. त्याचा पहिला अर्थ झाड किंवा झुडूप, दुसरा औषध. बांटू भाषाकुलात हा शब्द फार जुना आहे. स्वाहिलीत ‘म्ती’ म्हणजे झाड. शोना भाषेत ‘मुती’ झाडालाही म्हणतात आणि औषधालाही. ‘ओषधी’वरून ‘औषध’ घडवणाऱ्या परंपरेतल्या वाचकाला याचे नवल वाटू नये. एकोणिसाव्या शतकात हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत शिरला आणि ‘थ’चा ‘ट’ झाला. तिथे आता डोकेदुखीची गोळी, खोकल्याचे औषध, पोहण्याच्या तलावात टाकायची पूड, सगळे ‘मूटी’च.

झुलू व्यवहारात मात्र निव्वळ झाडपाला म्हणजे मुथी नव्हे. मुळ्या, कंद आणि साली यांच्याबरोबर प्राण्यांची चरबी, कातडे, खनिजेही त्यात येतात. मुथी ताप उतरवते, तशीच ती वीज घरावर पडू नये, नोकरी लागावी, रुसलेली प्रेयसी परतावी यासाठीही दिली जाते. औषधे देणारा तो ‘इन्यांगा’. पूर्वजांच्या आत्म्यांकडून दुखण्याचे कारण जाणून घेणारा वा घेणारी ‘सांगोमा’. प्रत्यक्षात एकच व्यक्ती अनेकदा दोन्ही कामे करते. हीच विद्या दुसऱ्याचे वाईट करायला वापरणारा तो ‘उमथाकाथी’. मुथीत घालायच्या मानवी अवयवांसाठी झालेल्या खुनांमुळे परदेशी वृत्तपत्रांत ‘मुथी’ हा शब्द बदनाम झाला. पण तेवढ्यावरून साऱ्या वैद्यकाची ओळख ठरवणे अन्यायाचे आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीच्या सरकारने 1891 च्या कायदेसंहितेत इन्यांगांना परवाने देऊ केले, सांगोमांना मात्र मनाई केली. ही विभागणी झुलूंच्या समजुतीपेक्षा सरकारच्या सोयीची होती. तिथल्या डर्बन शहरातल्या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांनीही मुथीची दुकाने चालवली. पारंपरिक वैद्यांची नोंदणी आणि नियमन यांसाठीचा सध्याचा कायदा 2007 चा.

डर्बनच्या वॉरिक जंक्शनला एका अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलावर मुथीचा मोठा बाजार भरतो. तिथे खप सालींचा आणि कंदांचा, त्यामुळे माल निघतो तेव्हा बहुतेकदा वनस्पतीच जाते. ‘इसिभाहा’ या तिखट सालीच्या झाडाला याचा जबर फटका बसला. खोकला-सर्दीवर चालणाऱ्या या सालीतली द्रव्ये पानांतही सापडतात; म्हणून साल सोडून पाने वापरा, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात.