मांजराच्या पाठीवरची गाठ

आजची गोष्ट अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाची. १९८७ साली तिथे मांजरांना रेबीजची लस सक्तीची झाली. चांगलंच झालं की! पण १९९१ मध्ये मॅटी हेंड्रिक आणि मायकेल गोल्डश्मिट या पशुरोगतज्ज्ञांनी इशारा दिला: जिथे सुई टोचतात, नेमका तिथेच काही मांजरांना सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर होतोय.

डॉक्टर गाठ कापायचे, ती परत यायची. कारण तिची मुळं आजूबाजूच्या स्नायूंत पसरलेली असायची, डोळ्यांना न दिसणारी. मग पद्धत बदलली. आधी बायोप्सी आणि स्कॅन. मग गाठीभोवतीचा ३ ते ५ सेंटिमीटर भागही काढायचा. उरलेल्या पेशींसाठी ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर रेडिएशन, कधी केमोही.

सुईची जागाही बदलली. खांद्यांच्या मधून ती पायावर, खालच्या बाजूला आली. का? पाठीवर एवढं कापणं अवघड. पाय मात्र काढता येतो, आणि तीन पायांचं मांजरही मजेत धावतं!

पण म्हणून लस टाळू नका हं. हा कॅन्सर क्वचितच होतो. रेबीज झाला तर मात्र सुटका नाही. लसीनंतरची गाठ ३ महिने टिकली, २ सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, तर थेट डॉक्टरांकडे जा.