उंदीर, पूर आणि आपला उंबरठा

२६ जुलै २००५ चा पाऊस आपल्याकडे कुणी विसरलेले नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला म्हणून बातम्यांत मुंबई गाजली. पण त्याच दिवशी बदलापुरात उल्हास आणि अंबरनाथ-उल्हासनगरात वालधुनी लोकांच्या घरात शिरली होती. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या, तांदूळ, मुलांची पुस्तके बाहेर आली. आणि मग घरात नवे पाहुणे दिसू लागले: पोटमाळ्यावर उंदीर, मोरीत घूस, भिंतीच्या कडेने गोम, चपलेत विंचू. बिळात पाणी भरले की हे जीवही कोरडी जागा शोधतात, आणि ती जागा म्हणजे आपले घर. उंदरामागे साप येतो. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, तेव्हा लोकांना कळले की पुराचे पाणी गेले तरी पूर संपत नाही.

हा प्रश्न जुना आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी रात्री झोपण्यापूर्वी भांडी झाकायला, पाण्याच्या मशकीचे तोंड बांधायला आणि दिवा विझवायला सांगितले. दिव्याचे कारणही सांगितले: उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटते. एहरामच्या अवस्थेतही ज्या उपद्रवी प्राण्यांना मारण्याची मुभा आहे, त्यांत उंदीर आणि विंचू आहेत. आपण हे हदीस मदरशात पाठ करतो. पण स्वयंपाकघरात पिठाचा डबा उघडाच असतो.

इतिहासात थोडे मागे जाऊ. बादशहा जहाँगीरने आपल्या आठवणींत, ‘तुझुक-ए-जहाँगिरी’त, आग्ऱ्याच्या साथीबद्दल एक प्रसंग नोंदवला आहे. तो सुमारे १६१९ चा. आसफखानाच्या मुलीने त्याला सांगितले की तिच्या अंगणात एक उंदीर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात आला. तो मांजरीपुढे टाकला. मांजरीने तोंडात धरून लगेच सोडला आणि तीही आजारी पडली. मग घरातल्या दासी आजारी पडल्या आणि आठ-नऊ दिवसांत सतरा माणसे गेली. आधी उंदीर, मग माणूस, हा क्रम त्या घरातल्या बाईने नेमका पाहिला होता. शास्त्राला तो पटायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांची वस्ती. धान्य तिथे उंदीर, हे कुणालाही कळावे. पण सरकारला वाटले की रोग भिंतीत आणि जमिनीत आहे. घरांना चुना लावला गेला, कार्बोलिक ॲसिड ओतले गेले, ऊन यावे म्हणून छपराची कौले काढली, रुग्णांना उचलून नेले. घर धुतले गेले खरे, पण उंदीर शेजारच्या घरात गेला. बायकांच्या तपासण्या आणि घरझडत्या यांनी संताप पेटला. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकर जुलाहांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण परका शिपाई जनान्यात शिरून मुलीला नेणार असेल, तर कोणता बाप दार उघडेल? आणि दार बंद राहिले की रोग आतच राहतो, हेही तितकेच खरे.

त्याच काळात दुसरेही एक उदाहरण घडले. वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते. तेव्हा विशीतल्या आगाखान तिसरे यांनी सर्वांसमोर ती टोचून घेतली आणि संशोधनाला जागाही दिली. त्यांना पाहून खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. जे काम शिपायाच्या दंडुक्याने झाले नाही, ते आपल्या माणसाने स्वतः हात पुढे केल्यामुळे झाले.

उंदराची गोष्ट उलगडली १८९८ मध्ये कराचीत. पॉल-लुई सिमोंद यांनी प्रयोगाने दाखवले की उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते. उंदीर मेला की ती उपाशी पिसू माणसाकडे वळते. अनेकांनी हे मानले नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, झालेल्या कामाने ते पक्के झाले.

हे सगळे जुने झाले म्हणावे, तर १९९४ आठवावे. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांची तक्रार आली, मग प्लेगचे रुग्ण. लोक धास्तीने घराबाहेर राहिले, धान्य मात्र घरात राहिले आणि उंदीर माजले, असे कारण सांगितले गेले. त्याच सप्टेंबरात पावसाने आणि तापीच्या पुराने बेजार झालेल्या सुरतेतून लाखो माणसे पळाली. पुढे आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात हीच सुरत स्वच्छतेसाठी नावाजली गेली. गाव तेच होते, नदीही तीच. फरक कचरा रोज उचलला जाण्याचा होता.

म्हणून पावसाआधीच दाराखालची आणि पाइपाभोवतीची फट बुजवावी. करंगळीएवढी फटही लहान उंदराला पुरते. मोरीला लोखंडी जाळी बसवावी. धान्य पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावे. पुरानंतर चप्पल झटकून घालावी. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, आणि पुढच्या पंधरवड्यात ताप आलाच तर डॉक्टरला ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे सांगावे. त्या एका वाक्याने जीव वाचू शकतो.

आणि कचऱ्याची पिशवी नाल्यात टाकू नये. उंदराला भिंतीच्या अलीकडचे-पलीकडचे कळत नाही आणि घरमालकाचा धर्मही कळत नाही. माझे घर लख्ख आणि घाण शेजाऱ्याच्या दारात, ही स्वच्छता नव्हे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार वर ठेवला आहे. पालिकेचा माणूस औषध फवारायला आला तर त्याला दार उघडावे. आणि तो आला नाही, तर शेजाऱ्याला सोबत घेऊन त्याला बोलवायला जावे.