हवेच्या वाटेची लांबी

इंजिनाची ताकद पेट्रोलात असते असे आपण धरून चालतो. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४-१५ किलो हवा लागते, म्हणजे इंजिन हे मुळात हवा ओढणारे यंत्र. ही हवा सिलिंडरांपर्यंत पोचविणाऱ्या नळ्यांचा जुडगा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. गाडी ‘मॉडिफाय’ करायला निघालेली आमच्याकडची मुले मला विचारतात, “सर, सगळ्यांत चांगला मॅनिफोल्ड कोणता?” जुन्या गाड्यांच्या इतिहासाचा मला नाद, म्हणून मी उत्तर इतिहासातूनच देतो.

१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. अश्वशक्ती ६५. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण त्या गाड्या मोकळ्या करून मुरॉकसारख्या सुकलेल्या तलावांच्या सपाट पात्रात पळवीत. त्यांतलाच एक व्हिक एडेलब्रॉक नावाचा मेकॅनिक. आठ सिलिंडर एकाच ताटात जेवायला बसले की शेजारी शेजाऱ्याचा घास ओढतो, ही या इंजिनांची अडचण. १८० अंशांच्या रचनेत आठांच्या दोन पंगती करतात. लागोपाठ हवा ओढणारे दोन सिलिंडर कधीच एका पंगतीत येत नाहीत. एडेलब्रॉकने १९३० च्या दशकाच्या अखेरीस याच रचनेचा, दोन कार्बोरेटरांचा ‘स्लिंगशॉट’ मॅनिफोल्ड ओतून घेतला. पुढे त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली, ती अशाच मॅनिफोल्डांच्या जोरावर.

पण पंगतीची वाटणी झाली तरी नळीची लांबी किती, हा प्रश्न उरतोच. इथे यंत्रशास्त्र संगीताला येऊन भिडते. पिस्टन खाली जाताना नळीत ओढीची लाट उठते, ती ध्वनीच्या वेगाने नळीच्या मोकळ्या तोंडाशी जाते आणि तिथून दाबाची लाट बनून परतते. झडप मिटण्याच्या बेतात ही लाट पोचली, तर जास्तीची हवा सिलिंडरात कोंबली जाते, तीही फुकट! इंजिन जितके वेगाने फिरेल तितका वेळ कमी, म्हणून नळीही आखूड हवी. लांब बासरीचा स्वर खालचा, आखूड बासरीचा वरचा, तसेच हे.

क्रायस्लर कंपनीतल्या काही तरुण इंजिनिअरांनी ‘रामचार्जर्स’ नावाचा क्लब काढला होता. १९५९ साली त्यांनी १९४९ च्या एका प्लिमथ गाडीवर भलामोठा उंच मॅनिफोल्ड चढविला. त्याच्या नळ्या चक्क रबरी होजने जोडलेल्या. लोक हसले असतील, पण गाडी पळाली.

पुढच्याच वर्षी क्रायस्लरने ३००-एफ ही गाडी विकायला काढली. इंजिन ४१३ घन इंचांचे. हाताची घडी घालावी तशा नळ्या इंजिनावरून एकमेकींना ओलांडून पलीकडे जात, आणि डाव्या रांगेचा कार्बोरेटर उजवीकडे, उजव्या रांगेचा डावीकडे. नळीची लांबी ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर. लाटेला जाऊन यायला सेकंदाचे साधारण साडेचार हजारांश भाग. या इंजिनाची शक्ती ३७५ अश्वशक्ती, आणि कमाल टॉर्क ४९५ पौंड-फूट, तोही मिनिटाला अवघ्या २८०० फेऱ्यांवर.

आता खरी गंमत. याच गाडीसाठी दुसरा, शर्यतीचा मॅनिफोल्डही होता. बाहेरून पाहावे तर तोच. आतून मात्र नळ्यांमधल्या भिंती अर्ध्यावर कापलेल्या, म्हणजे कामाची लांबी १५ इंच. त्या इंजिनात इतरही काही भाग निराळे होते. शक्ती वाढून ४०० झाली, पण कमाल टॉर्क ४६५ वर उतरला आणि तो मिळायला ३६०० फेऱ्या गाठाव्या लागल्या. एकाच कारखान्याने दोन्ही विकले, कारण दोन्ही बरोबर होते. एक रस्त्यासाठी, दुसरा शर्यतीसाठी.

ही निवडच टाळण्याची धडपड पुढे झाली. १९९१ साली ल मां शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७-बी गाडीत हवेच्या नळ्या वेगानुसार दुर्बिणीसारख्या लांब-आखूड होत. २००१ साली बीएमडब्ल्यूने तशी सोय रस्त्यावरच्या गाडीत आणली. ज्याच्याकडे ही यंत्रणा नाही, त्याला मात्र आजही निवडावेच लागते. हल्ली पेट्रोल बहुधा थेट झडपेपाशी किंवा सिलिंडरातच फवारले जाते, तरी हवेच्या लाटेचा नियम बदललेला नाही.

म्हणून मुलांना मी उलट विचारतो: तुझे इंजिन दिवसभर किती फेऱ्यांवर असते? फोंड्याच्या बाजारातून वाट काढणे आणि चोर्ला घाट चढणे हे तुझे रोजचे असेल, तर आखूड, रुंद नळ्यांचा शर्यतीचा मॅनिफोल्ड तुझी गाडी मंदच करील. शिवाय इंजिन कार्बोरेटरचे असेल तर कमी वेगात त्या रुंद नळ्यांतली हवा रेंगाळते, पेट्रोलाचे थेंब भिंतीला चिकटतात आणि गाडी अडखळते. जी ताकद वाढली ती तुला कधी भेटणारच नाही. जी गेली ती मात्र प्रत्येक चढावर आठवेल. काय मिळणार हे जाहिरात सांगते. काय सोडावे लागणार, हे आपणच विचारायचे असते.