हिशेब तपासले, पाठ कोणी पाहिली?

वॉर्डात नवा पेशंट आला की केसपेपर वाचायच्या आधी आम्ही त्याला कुशीवर वळवून पाठ बघायचो. माकडहाड, खुबे, टाचा. माझी सगळी नोकरी उपनगरातल्या एका पालिका रुग्णालयात, बरीचशी मेडिसिन वॉर्डात गेली. वृद्धाश्रमातून आलेल्या माणसाची पाठ पाहिली की तिथला कारभार कसा चालतो ते लगेच समजायचं. एक निवृत्त शिक्षक तापाने फणफणलेले आले होते. सोबतच्या चिठ्ठीवर ‘तीन दिवसांपासून ताप’ एवढंच. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि तळाशी हाड दिसत होतं. अशी जखम तीन दिवसांत होत नाही. आधी कातडी लाल होते, मग सोलवटते, मग काळी पडते. दर दोन तासांनी कूस बदलली असती, अंथरूण कोरडं ठेवलं असतं, पोटात पुरेसं पाणी आणि अन्न गेलं असतं, तर ती बहुधा झालीच नसती. मुलगा दरमहा पैसे वेळेवर भरत होता. वडिलांच्या अंगावरची चादर बाजूला करून त्याला कोणी कधी काही दाखवलं नव्हतं.

तो आश्रम चालवणारा ट्रस्ट रीतसर नोंदलेला होता. दरवर्षी ऑडिट होत होतं. सगळं कायद्याप्रमाणे होतं आणि तरीही माणसाचं हाड उघडं पडलं होतं. हे कसं होऊ शकतं, या प्रश्नाने मला निवृत्तीनंतर जुने कायदे वाचायला लावलं.

म्हाताऱ्यांसाठी घर काढणं आपल्याकडे नवं नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1860च्या दशकात निराधार, अपंग आणि वृद्धांसाठी आश्रयस्थान उभं राहिलं. नव्या पेठेतलं ‘निवारा’ म्हणून पुणेकर ओळखतात ते हेच. फ्रान्समध्ये 1839 साली जीन जुगान नावाच्या बाईने एका आंधळ्या विधवेला घरी आणून आपल्या बिछान्यावर झोपवलं. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ हा संघ निघाला. 1882 मध्ये या सिस्टर कोलकात्याला आल्या. पुढे त्यांचं घर आपल्या अंधेरीतही झालं, पूर्वेला महाकाली रस्त्यावर. या जुन्या घरांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिस्टर त्याच आवारात राहायच्या. रात्री दोन वाजता कोणी हाक मारली तर ती ऐकणारं माणूस शेजारच्या इमारतीत असायचं. त्यांच्याकडे नियमावली किती होती मला माहीत नाही, पण रात्र रिकामी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर सरकार एकेका दुबळ्या माणसासाठी कायदे करत गेलं. 1949 साली मुंबई प्रांताने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यामुळे छोट्यात छोट्या मॅटर्निटी होमलाही नोंदणी लागते आणि वॉर्डाचा आरोग्य अधिकारी तपासायला येऊ शकतो. 1956 मध्ये महिला आणि मुलांच्या संस्थांसाठी परवान्याचा केंद्रीय कायदा आला. दरम्यान 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे गेले. तिथे मालमत्ता बघतात, हिशेब बघतात, विश्वस्तांचे बदल नोंदवतात. आजारी माणूस, बाळंतीण, अनाथ मूल, निराधार बाई, देणगीचा पैसा या प्रत्येकाला कोणी ना कोणी तपासनीस मिळाला. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसाला मिळाला नाही.

इंग्लंडशी ताडून पाहिलं तर ही उणीव जास्तच बोचते. त्यांनी शुश्रूषागृहांची नोंदणी 1927 साली सुरू केली आणि 1948च्या कायद्यात वृद्धांच्या घरांनाही नोंदणी सक्तीची केली. आपण त्यांच्या पहिल्या कायद्यासारखा कायदा 1949 मध्ये केला आणि दुसरा, जो तेव्हा ताजा होता, तो सोडून दिला. एकत्र कुटुंबाच्या देशात याची गरज काय, असं तेव्हाच्या लोकांना वाटलं असावं, असा माझा अंदाज आहे. नोंदणी झाली की सगळं सुधारतं, असंही नाही. पीटर टाउनसेंड या अभ्यासकाने तिकडची 173 घरं स्वतः पाहून 1962 साली पुस्तक लिहिलं. जुन्या वर्कहाउसच्या इमारतींत माणसं कशी ठेवली आहेत ते वाचून तो देश हादरला. पण टाउनसेंडला निदान कुठल्या दारांवर जायचं ते माहीत होतं. आपल्याकडे खाजगी वृद्धाश्रमांची पूर्ण यादीच कोणाकडे नाही.

महाराष्ट्र शासन 1963 पासून स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देत आलं आहे. 1995 मध्ये युती सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. हेतू चांगलाच होता. मात्र अशा बहुतेक घरांची घडण चालत्या-फिरत्या माणसासाठी झालेली असते. प्रवेशाच्या वेळी विचारतात, स्वतःचं स्वतः करता ना? पासष्टाव्या वर्षी माणूस ‘हो’ म्हणून आत येतो. ब्याऐंशीव्या वर्षी तो त्याच खाटेवर पडून असतो. त्याला भरवावं लागतं, डायपर लागतो, कधी नाकातून नळी असते. आणि मावश्या तेवढ्याच असतात. घसरण बहुतेक ठिकाणी अशीच होते, कोणी दुष्टपणे ठरवून केलेली नसते.

आता आमच्या उपनगरांकडे येते. अंधेरी, घाटकोपर 1950 साली बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड 1957 मध्ये. तेव्हा इथे बंगल्या होत्या, वाड्या होत्या, विहिरी होत्या. पुढे चाळींतली माणसं वन रूम किचनमध्ये आली, मुलं शिकून दुबईला, अमेरिकेला गेली, सुना नोकरी करू लागल्या. यात मी कोणालाच दोष देत नाही. माझी स्वतःची शिफ्ट ड्युटी असताना सासूबाईंना दिवसभर कोण बघणार, हा प्रश्न आमच्याही घरात होता. मग गल्लीतल्या एखाद्या बंगलीत, तळमजल्याच्या दोन फ्लॅटांत पैसे घेऊन म्हातारी माणसं ठेवणारी घरं निघाली. जागांचे भाव चढले तशी ती बदलापूर, कर्जत, नेरळ, वसई-विरार, पनवेलकडे सरकली. अंतर वाढलं तशा भेटी कमी झाल्या. जिथे सरकारी तपासणी नाही तिथे नातेवाइकाची भेट हीच एक तपासणी असते, आणि ती महिन्यातून एकदा, रविवारी, आधी फोन करून होऊ लागली. त्या दिवशी माणसाला आंघोळ घातलेली असते, स्वच्छ कपडे चढवलेले असतात.

ओळखीच्या एका मावशीने मला जे सांगितलं ते इथे लिहिलंच पाहिजे. ब्युरोकडून ती एका आश्रमात रात्रपाळीला जायची. ‘‘सिस्टर, अठरा जणांत मी एकटी. सहानंतर पाणी कमीच देते. नाहीतर पहाटेपर्यंत डायपर बदलत बसू का?’’ ती वाईट बाई नव्हती. तिने कुणाला मारलं नव्हतं, कुणाचे पैसे चोरले नव्हते. पण पाणी तोडलं की लघवीत जंतू वाढतात, माणूस बरळायला लागतो, उठून चालायला बघतो. मग तो पडू नये म्हणून जुन्या ओढणीने खाटेच्या दांड्याला बांधतात. बांधलेला माणूस कूस बदलू शकत नाही. आठवडाभराने तो आमच्या वॉर्डात असतो. तिला दंड करून काय होणार? रात्री अठरा माणसांमागे एकच बाई ठेवणाऱ्याला जाब विचारायला हवा, आणि तसा विचारणारा अधिकारी कायद्यात नाही.

2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. 1 मार्च 2009 पासून तो महाराष्ट्रात लागू आहे. त्यात मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवायची सोय आहे, आई-बापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जागांचं एक घर असावं, असंही लिहिलं आहे, पण राज्यावर त्याची सक्ती केलेली नाही. मुंबई उपनगर हा 1990 पासून वेगळा जिल्हा आहे. 2011च्या जनगणनेत इथे 93 लाखांहून जास्त माणसं होती. एवढ्यांमागे 150 जागा म्हणजे काय, ते वाचकांनीच पाहावं. पैसे घेऊन चालणाऱ्या खाजगी घरांना या कायद्याने परवाना लावलाच नाही.

ही चूक दिल्लीच्या लक्षात आली होती. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. वृद्धांच्या निवासांची आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, हे सगळं त्यात होतं. लगेच पुढच्या वर्षी कोविड आला. आश्रमांची दारं बंद झाली आणि भेटीची ती एकुलती तपासणीही थांबली. नोव्हेंबर 2021 मध्ये खडवलीजवळच्या मातोश्री वृद्धाश्रमातल्या साठहून अधिक आजी-आजोबांना एकाच वेळी लागण झाली आणि त्यांना ठाण्याच्या शासकीय रुग्णालयात हलवावं लागलं. दाटीने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना देखरेखीची किती गरज असते, ते याहून स्पष्ट कसं दिसणार? तरी विधेयक पडूनच राहिलं. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते रद्द झालं.

ज्यांचं कोणी आश्रमात आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. रविवार सोडा. मधल्या वारी, संध्याकाळी सातनंतर, न कळवता जा. आईला कुशीवर वळवायला सांगा आणि माकडहाड, टाचा स्वतः बघा. जीभ कोरडी आहे का बघा. रात्री किती माणसांमागे किती मावश्या आहेत, ते ऑफिसात विचारू नका, मावशीलाच विचारा. कूस बदलल्याची वही मागा. वही नसेल तर कूस बदलली जात नाही असंच समजा. मनाला खटकलं तर 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

आणि आपल्या आमदाराला एक पत्र लिहा. शुश्रूषागृहांचा कायदा 1949 साली मुंबईच्याच विधिमंडळाने केला होता, त्यासाठी दिल्लीची वाट पाहिली नव्हती. वृद्धाश्रमांना परवाना, रात्रपाळीला माणसांचं ठरलेलं प्रमाण आणि न कळवता येणारा तपासनीस, एवढ्या तीन कलमांचा कायदा आजचं विधिमंडळही करू शकतं. तो कधी करणार, हे त्यांना लेखी विचारा.