खुणेची भाषा : आगगाडीपासून आकाशपाळण्यापर्यंत

आगगाडी सुटायच्या वेळी सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे लागलेले असते. पण गाडी सोडणे एकट्या इंजिनवाल्याच्या हाती नसते. पार मागे, शेवटच्या डब्याच्या दारात उभा असलेला गार्ड हिरवी झेंडी दाखवतो, आणि मगच चाके फिरतात. २०२२ पासून या गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणू लागले; झेंडी मात्र तीच राहिली. शेकडो उतारू, हजारावर टन लोखंड, आणि ते सारे खोळंबलेले असते एका कापडाच्या तुकड्यासाठी!

ही खुणेची भाषा यंत्रांच्या जगात सर्वत्र पसरली आहे. कारखान्यात आहे, बंदरातल्या क्रेनवर आहे, आणि जिथे आपण निव्वळ मौजेसाठी जातो त्या पाळण्यांच्या बागेतही आहे. तिचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

पहिला प्रश्न असा, की तोंडाने बोलायचे सोडून हात कशाला हलवायचे? उत्तर सोपे आहे. यंत्राच्या घरघराटात शब्द अर्धाच ऐकू येतो. समजा, कोणी ओरडून सांगितले, “सोडू नका!” त्यातला ‘नका’ आवाजात बुडाला, तर उरले काय? ‘सोडू’! नेमका उलटा अर्थ झाला, आणि पलीकडच्या माणसाने कळ दाबली. हात तसा अर्धवट ऐकू येत नाही. तो दिसतो किंवा दिसत नाही.

रेल्वेच्या मंडळींना हे फार लवकर कळले. इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे १८३० साली सुरू झाली, तेव्हा खांबावरचे सिग्नल नव्हतेच. रुळांच्या कडेला कंपनीचे पोलीस उभे असत. पोलीस ताठ उभा राहून हात आडवा पसरी, तेव्हा रस्ता मोकळा आहे असे समजायचे. पुढे १८४१ मध्ये लंडनजवळ खांबावर हलणारी फळी बसवली गेली. तोच आपला ओळखीचा हात-सिग्नल. नीट पाहिले, तर ती फळी म्हणजे त्या पोलिसाचाच हात होय. माणूस गेला आणि हात तेवढा खांबावर राहिला!

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली उतारूंची गाडी धावली, आणि ही विद्या आपल्याकडेही रुजली. आपल्या रेल्वेच्या नियमांत हातांच्या खुणा आजही लिहिलेल्या आहेत. लाल झेंडी जवळ नसेल, तर दोन्ही हात डोक्यावर उंच करायचे, म्हणजे ‘थांबा’. रात्री लाल दिवा नसेल, तर पांढरा दिवा जोरजोराने हलवायचा. आणि त्याच नियमांत एक सुंदर तत्त्व आहे. जिथे सिग्नल असायला हवा तिथे तो नसेल, किंवा अर्धवट दिसत असेल, तर चालकाने त्याचा अर्थ ‘जा’ असा कधीही घ्यायचा नाही. शंका आली, की थांबायचे. हे तत्त्व ध्यानात ठेवा. पुढे त्याचेच काम आहे.

आता ही भाषा मौजेच्या बागेत कशी शिरली ते पाहू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाचे गाव होते. तिथे १८२७ साली डोंगरावरच्या खाणीतला कोळसा खाली नदीकाठी आणण्यासाठी सुमारे नऊ मैलांची रेल्वे बांधली. इंजिन नाही, काही नाही. उतारावरून डबे आपल्या वजनाने खाली येत. खेचरेही डब्यात बसून खाली येत आणि रिकामे डबे ओढीत परत वर जात. वेग आवरायला डब्यांवर ब्रेकवाला असे. काही दिवसांत लोकांच्या लक्षात आले, की कोळशापेक्षा माणसांना या उताराची मजा जास्त! लोक पैसे देऊन बसू लागले. पुढे कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने गेली आणि ही रेल्वे केवळ सहलीची झाली. ती १९३३ पर्यंत चालली.

१८८४ साली लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे ६०० फूट लांबीची अशी गाडी मुद्दाम करमणुकीसाठी उभारली. भाडे पाच सेंट, वेग ताशी सहा मैलांच्या आसपास. म्हणजे आपला बैलगाडीवाला जरा जोरात निघाला तर शर्यत लावील! पण लोकांच्या रांगा लागल्या. हिच्यापासूनच पुढे रोलर कोस्टर वाढला. रोलर कोस्टर म्हणजे उंच चढ आणि खोल उतार यांवरून धावणारी रुळांवरची गाडी.

म्हणजे ही गाडी रेल्वेचीच नात. तेव्हा आजीच्या सवयी तिच्यात उतरल्या. जुन्या गाड्यांवर ब्रेकवाला उतारूंबरोबर असे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ साली सुरू झालेल्या ‘सीनिक रेल्वे’वर तो डब्यांच्या मधोमध उभा राहून वेग आवरतो. अनेक लाकडी कोस्टरांवर स्टेशनातच मोठमोठे दांडे असत. ते हाताने ओढून आलेली गाडी थांबवायची. पुढे जॉन मिलर या कारागिराने चढावर साखळी तुटली तरी डबा मागे घसरू नये म्हणून अडकण बसवले, आणि डबा रुळावरून उचलला जाऊ नये म्हणून रुळाखालून धरणारी चाके लावली. यंत्र शहाणे होत गेले. तरी स्टेशनातली माणसे आणि त्यांचे हात काही गेले नाहीत.

आजच्या मोठ्या बागेतली पद्धत अशी. गाडी भरली, की मदतनीस प्रत्येक बैठकीजवळ जातो. छातीवरचा दांडा नुसता पाहत नाही. हाताने ओढून पाहतो. सगळे ठीक असेल, तर तो आखलेल्या रेषेमागे येऊन उभा राहतो आणि अंगठा वर करतो. पलीकडचा मदतनीसही तसेच करतो. चालक दोन्ही अंगठे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, आणि मग बटण दाबतो. काही ठिकाणी मदतनिसालाही एक बटण दाबून धरावे लागते. त्याने बोट उचलले, तर गाडी सुटतच नाही. खुणा सगळीकडे अगदी सारख्या नसतात. थांबवण्यासाठी कुठे डोक्यावर हातांची फुली करतात, कुठे तळवा पुढे धरतात. अर्थ मात्र ठरलेला असतो.

यात एक बारकी गोष्ट आहे, शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी. ‘सोडा’ आणि ‘थांबा’ या दोन खुणांचा मान सारखा नाही. क्रेनच्या नियमांत हे स्पष्टच लिहिलेले असते: वजन उचलण्याची खूण नेमलेल्या एकाच माणसाने करायची, परंतु ‘थांबा’ ही खूण कोणीही करावी, आणि चालकाने ती पाळलीच पाहिजे. सोडायला सगळ्यांची संमती लागते. थांबवायला एकाचीच पुरे.

हे विसरले तर काय होते? इंग्लंडात आल्टन टॉवर्स या बागेत ‘स्मायलर’ नावाचा मोठा कोस्टर आहे. २ जून २०१५ रोजी तिथे एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली होती; ती वाटेतच अडकली. मागून सोळा उतारूंची गाडी येत होती. यंत्राने आपले काम चोख केले: पुढचा मार्ग मोकळा नाही म्हणून त्या गाडीला थांबवले. पण कारागिरांना वाटले, यंत्रच चुकले असेल. जादा गाडी रुळांवर आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हते. त्यांनी यंत्राचे ‘थांबा’ बाजूला सारले आणि गाडी पुढे धाडली. टक्कर झाली. दोघा तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने चालक कंपनीला पन्नास लाख पौंड दंड केला. सरकारी तपासणी खात्याने दोष एकट्या-दुकट्या कामगारावर न टाकता व्यवस्थेवर ठेवला. गाड्या वाढवल्या-कमी केल्या तर कोणी कोणाला कळवायचे, रूळ मोकळा असल्याची खात्री कोणी करायची, याची पक्की रीतच घालून दिलेली नव्हती.

म्हणजे यंत्र कितीही हुशार असो, ‘थांबा’ या शब्दाला मान देणारी माणसे आणि तशी शिस्त हवी. १८३० च्या त्या पोलिसाचा हात आणि आजचा वर केलेला अंगठा एकच गोष्ट सांगतात: मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याची जबाबदारी माझी.

आपल्या गावोगावच्या जत्रांत आणि उरुसांत पाळणे येतात. तेव्हा पाळण्याची उंची पाहण्याआधी पाळणेवाल्याचे हात पाहा. दांडी लावली की तो ओढून पाहतो का? यंत्र चालवणारा त्याच्या खुणेची वाट पाहतो, की गप्पा मारीत कळ दाबतो? गुरुजींनो, मुलांना जत्रेला नेण्यापूर्वी त्यांनाही हे पाहायला शिकवा. आणि काही वावगे दिसले, तर संकोच करू नका. दोन्ही हात डोक्यावर उंच करा. ही खूण करायला कोणाची परवानगी लागत नाही.